पेरणीआधी गाडीची डिकी तपासा: तणनाशकाचा एक गळका कॅन रोपांचं वाटोळं करतो

पाऊस तोंडावर आलाय. आता काही दिवसांतच बियाणं, खत, तणनाशक, रोपांचे ट्रे, जनावरांची पेंड हे सगळं एकाच गाडीतून, आणि घाईत असलो की एकाच फेरीत, घरी येणार. म्हणून बी आणायला निघण्याआधी हातमोजा घालून डिकी उघडा, तळाचा गालिचा उचला आणि खाली बघा. चिकट डाग, ओलसर पट्टा किंवा उग्र वास असेल तर त्या गाडीतून बी आणि रोपं आणू नका. आधी डिकी स्वच्छ करा. पेरणी एक दिवस लांबली तरी चालेल.

रोपं गाडीतच बिघडल्याचं मी दर हंगामात बघतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दोष दुसऱ्यावर जातो. टोमॅटो, मिरचीची रोपं लावून आठवडा होत नाही तोच शेंडे पिळवटतात, देठ खाली वळतात, नवी पानं अरुंद निघतात आणि त्यांच्या शिरा एकमेकींजवळ येऊन समांतर धावतात. शेतकरी म्हणतो व्हायरस आला. दुकानदार पांढऱ्या माशीचं औषध देतो, वर एक टॉनिकची बाटली देतो. फवारण्या होतात, पैसा जातो आणि रोप आहे तिथेच राहतं. नर्सरीवाल्याशी भांडण होतं ते वेगळंच. खोलात जाऊन विचारलं की कळतं, रोपं आणली त्याच्या आदल्या आठवड्यात त्याच डिकीत 2,4-डी या तणनाशकाचा अर्धा वापरलेला कॅन आडवा पडला होता.

व्हायरस आणि तणनाशकाची इजा यातला फरक शेतात ओळखता येतो. व्हायरस इथे एक झाड, तिथे दोन झाडं असा सुरू होतो आणि दिवसागणिक पसरतो. तणनाशकाची इजा झालेली झाडं एकदमच, एकाच वेळी दिसतात. एकाच ट्रेमधली रोपं ज्या ओळीत लावली ती ओळ बिघडते, शेजारची ओळ ठणठणीत असते आणि पुढे काही पसरत नाही. असं दिसलं तर औषध मारायचं थांबवा. ही इजा कोणत्याही टॉनिकने भरून येत नाही. हलकी असेल तर नवी फूट नीट येते. शेंडाच गेला असेल तर नांग्या भरणं, म्हणजे त्या जागी नवं रोप लावणं, हाच उपाय.

2,4-डी तीन रूपांत मिळतं: सोडियम क्षाराची 80 टक्के भुकटी, अमाइन क्षाराचं 58 टक्के द्रावण आणि इथाइल एस्टरचं 38 टक्के ईसी (द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात मिसळून फवारायचं तेलकट औषध). यातलं एस्टर सगळ्यात घातक, कारण त्याची वाफ होते. बंद डिकीत, उन्हात उभ्या गाडीत ती वाफ कोंडते आणि रोपांच्या पानांवर, बियाण्यावर, अगदी खतावरही बसते. टोमॅटो, कापूस आणि द्राक्ष ही पिकं 2,4-डी ला फार नाजूक आहेत, कणभर मात्राही त्यांना पुरते. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान सहज 50 अंशांच्या वर जातं. कॅनमधली हवा फुगते आणि सैल झाकणातून औषध बाहेर ढकलते. नवा कॅन बहुधा गळत नाही, त्याच्या तोंडाला सील असतं. गळतो तो सील फोडलेला, अर्धा उरलेला आणि फडक्याचा बोळा लावून ठेवलेला कॅन. हे सांडणं दिसतही नाही. गालिच्याखाली जाड फेल्टचा थर असतो, तो सगळं पिऊन घेतो आणि वरून डिकी कोरडी दिसते. त्याखाली स्टेपनीचा खड्डा, जिथे उरलेलं साठून राहतं.

हा धोका पिकापुरता नाही. 1958 साली केरळात विषारी अन्नाने शंभराहून जास्त माणसं दगावली. एकाच जहाजातून अन्नधान्य आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक आलं होतं, ते गळलं आणि धान्याच्या पोत्यांत उतरलं. चौकशी आयोग बसला आणि पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. कीटकनाशक अन्नाला किंवा पशुखाद्याला लागेल अशा रीतीने नेऊ नये, ठेवू नये, असं 1971 च्या नियमांत लिहिलेलं आहे. जहाजाला जे लागू, तेच तुमच्या डिकीला लागू. पेंडीचं पोतं आणि औषधाचा कॅन एका फेरीत आणू नका. कारच्या डिकीत आणि माणसांच्या जागेत तर बहुतेक वेळा भिंतच नसते. मागच्या सीटवर लेकरं बसलेली असताना औषध आणायचंच नाही.

अस्तर कसं करायचं

सांडलेलं औषध गालिच्यात उतरू नये म्हणून डिकीच्या तळाला अस्तर घाला. यासाठी काही विकत घ्यायची गरज बहुधा पडत नाही. शेततळ्याला वापरतात त्या 500 मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाचे तुकडे कुणाकडे ना कुणाकडे पडलेले असतात. डिकीसाठी यापेक्षा चांगलं अस्तर मला ठाऊक नाही. तो नसेल तर जाड, लॅमिनेशन शाबूत असलेली ताडपत्री घ्या. जुनं फ्लेक्स माती आणि भाजीपाल्याला ठीक आहे. औषधाखाली ते घालू नका, ईसी औषधांतल्या द्रावकाने ते मऊ पडून चिकटतं. मल्चिंगचा 25-30 मायक्रॉनचा कागद एका गोणीच्या कोपऱ्याने फाटतो. तो नकोच. खताच्या जुन्या गोण्या उसवून अंथरतात, पण शिवणीतून पाणी जातं आणि खताचे कण बियाण्याखाली येतात.

तुकडा डिकीच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन वीत मोठा ठेवा. कडा वर उचला, कोपरे कापू नका. पाकिटाची घडी घालतात तसा कोपरा दुमडा आणि कपड्याच्या चिमट्याने पकडा. कापला किंवा स्टेपल मारली की तिथूनच गळणार. कड उभी राहावी म्हणून तिच्या खाली, बाहेरच्या बाजूने, गुंडाळलेलं पोतं किंवा पाइपचा तुकडा ठेवा.

कड किती उंच? हिशोब करून बघा. मीटरभर लांब आणि 80 सेंटिमीटर रुंद तळावर 5 लिटरचा पूर्ण कॅन सांडला तर सपाटीवर जेमतेम 6 मिलिमीटर थर होतो. पण गाडी चढाला लागली की सगळं एका कडेला धावतं. म्हणून कड निदान 10 सेंटिमीटर हवी. जिथून आपण माल आत ढकलतो त्या मागच्या तोंडाला तर हवीच. नेमकी तीच कड लोक खाली पाडून ठेवतात, कारण गोणी सरकवायला सोपं जातं.

एवढं करूनही कॅन सुटा ठेवायचा नाही. कॅन घमेल्यात किंवा भोकं नसलेल्या, सलग बुडाच्या प्लास्टिकच्या टबमध्ये उभा ठेवा, भोवती कोरडी वाळू किंवा माती भरा. वळणावर कॅन आडवा होत नाही आणि गळलं तर वाळूच पिऊन घेते. जाळीच्या क्रेटचा इथे उपयोग नाही. टब घसरू नये म्हणून खाली गोठ्यातल्या रबरी मॅटचा तुकडा घाला. हा टब औषधाचाच ठेवा, त्यावर तसं रंगाने लिहा.

शक्य असेल तर दोन अस्तरं करा. एक औषध-खताचं, एक बी-रोपांचं. रंग वेगळे ठेवा म्हणजे गडबडीत चूक होत नाही. वापर झाला की औषधाचं अस्तर आतली बाजू आत ठेवून गुंडाळा आणि गाडीबाहेर, बियाण्यापासून दूर ठेवा.

आता महागड्या मॅटबद्दल. गाडीच्या सामानाच्या दुकानात चामड्यासारख्या दिसणाऱ्या, शिलाई घातलेल्या जाड मॅट गळ्यात मारतात. एक मॅट हातात घेऊन उजेडाकडे धरून बघा. शिलाईच्या प्रत्येक टाक्यापाशी सुईचं भोक आहे आणि खाली फोमचा थर आहे. सांडलेलं औषध त्या भोकांतून फोममध्ये उतरतं आणि मग कितीही पुसा, निघत नाही. सलग साच्यातून काढलेली रबरी मॅट त्यापेक्षा बरी, पण तिची कड बहुतेक वेळा दोन बोटांचीच. चिखल-मातीला पुरेल, 5 लिटरच्या कॅनला नाही. डिकीला ‘कोटिंग’ करून देतो म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. ‘विष काढणारा’ स्प्रे आणि सुगंधी फवाऱ्यालाही तेच उत्तर. सुगंधाने वास झाकला जातो, औषध तिथेच राहतं, आणि वास हीच तर आपली खूण असते.

सांडलंच तर

आधी पाणी ओतू नका. पाण्याने औषध पसरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात उतरतं. दारं उघडा, माणसं-लेकरं बाजूला करा, हातमोजे घाला. कोरडी माती, वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या. नायट्रेटचं विद्राव्य खत सांडलं असेल तर भुसा वापरू नका, नायट्रेट आणि भुसा मिळून पेट घेऊ शकतो. तिथे फक्त वाळू. भिजलेली माती झाडून जाड पिशवीत बांधा, विहीर, नाला, गोठा यांच्याजवळ टाकू नका. अंगावर उडालं असेल तर कपडे लगेच काढा आणि साबण लावून भरपूर पाण्याने धुवा.

मग धुणं. एस्टर तेलकट असतं, म्हणून पहिल्यांदा साबणाचं पाणी. त्यानंतर धुण्याचा सोडा, लिटरला 10 ग्रॅम म्हणजे एक टक्क्याचं द्रावण, फडक्याने लावून अर्धा तास राहू द्या आणि साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. ब्लीचिंग पावडर वापरू नका. डिकीत युरिया किंवा अमोनियमच्या खताचे कण असतील तर ब्लीचशी मिळून विषारी वायू निघतो. गालिचा आणि त्याखालचं फेल्ट 2,4-डी ने भिजलं असेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नका, काढून टाका. गाडी त्याच्याशिवाय चालते. स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाला बहुतेक गाड्यांत रबरी बूच असतं. ते काढून पाणी बादलीत घ्या, खड्डा पुसा, बूच परत बसवा. त्या भागात बॅटरी किंवा गॅसची टाकी असेल तर पाणी न ओतता ओल्या फडक्यानेच काम करा.

धुऊन झालं तरी माझा लगेच विश्वास बसत नाही. माझी खूण अशी: टोमॅटोची चार-पाच रोपं ट्रेमध्ये घेऊन रात्रभर बंद डिकीत ठेवा, आणि तेवढीच घरी सावलीत ठेवा. दोन-तीन दिवस बघा. डिकीतल्या रोपांचे देठ खाली वळले, शेंडा पिळला तर अजून वाफ आहे, पुन्हा धुवा. ही खूण पुस्तकातली नाही, अनुभवाची आहे. ती फक्त वाफेच्या तणनाशकाला चालते. ग्लायफोसेट या तणनाशकाची वाफ होत नाही, तिथे रोपं ठणठणीत दिसतील आणि डाग तसाच असेल.

खतामुळे पत्रा जातो, हेही बघा

पोटॅश आणि अमोनियम सल्फेट पत्र्याला गंजवतात. सुपर फॉस्फेटमध्ये आम्ल असतं, तेही तसंच. कोरडं असताना फारसं काही होत नाही, पण पावसाळी हवेत खत स्वतः ओलावा ओढतं. 30 अंशांना हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की युरियाला पाणी सुटायला लागतं, आणि पावसाळ्यात ती रोजच त्याहून वर असते. म्हणून खत उतरवलं की त्याच दिवशी कोरड्या झाडूने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा, आणि डिकी उघडी ठेवून वाळवा. पिकअपच्या हौद्यात पत्र्याच्या सांध्यात आणि फळक्याच्या बिजागरीत खत अडकतं. तिथे टोकदार काडीने उकरून काढा.

बाकीची नेहमीची कामं

- पेरणी 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्यावर.
- सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के. घरी गोणपाटात तपासा.
- सोयाबीनची गोणी गाडीतून फेकू नका. साल पातळ असतं, उगवण घटते.
- सोयाबीनच्या पेरणीची खोली 3 ते 5 सें.मी.
- बीजप्रक्रियेचा क्रम: बुरशीनाशक, कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत.
- रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं: 10 किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम.
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्र बुरशी): किलो बियाण्याला 5 ग्रॅम.
- जिवाणू खताची पाकिटं उन्हातल्या गाडीत ठेवू नका, ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत आणा.
- प्रक्रिया केलेलं बी सांडलं तर वेचून घ्या, कोंबड्या-जनावरांना लागू देऊ नका.

फेऱ्यांचा क्रमही ठरवून घ्या. पहिल्या फेरीत बी आणि रोपं, दुसऱ्यात पेंड, तिसऱ्यात खत, आणि औषध सगळ्यात शेवटी, तेही एकटं. दुकानदार म्हणेल, आलाच आहात तर सगळं एकदम न्या. बिल एकदम करा, माल एकदम उचलू नका. दुकानातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक कॅन उलटा करून झाकणापाशी कोरडं बोट फिरवा. ओलं लागलं तर तो तिथेच बदलून घ्या. सील फोडलेला जुना कॅन गाडीत पडून असेल, तर तो आज संध्याकाळी बाहेर काढा, कुलपाच्या जागी उभा ठेवा, आणि मगच गाडी बी आणायला काढा.