आबा पडू नयेत म्हणून: डायलिसिसवरच्या वयस्कर माणसासाठी घरची तयारी

सगळ्यात आधी बीपीचं मशीन आणा. दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. घरात असेल तर सेल बदला. हे पहिलं लिहितेय, कारण दांडे, चटया, रात्रीचा दिवा हे लोकांना आपसूक सुचतं, पण उभं करून बीपी मोजायचं सहसा कुणी सुचवत नाही. मागच्या वेळी आमच्याकडे नेमकं तेच राहिलं. न्हाणीघरात दांडे बसवले होते, सतरंज्या उचलल्या होत्या, आणि आबा पडले ते कोरड्या ठणठणीत बैठकीच्या खोलीत, खुर्चीतून उठताना. डायलिसिसच्या कागदावर बीपी चांगलं होतं. ते आडवं असताना घेतलेलं होतं.

तर मोजायचं असं. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, ज्या हातात आहे त्या हाताला पट्टा कधीच बांधायचा नाही, दुसऱ्या हाताला बांधायचा. पाच मिनिटं आडवं झोपवा, बीपी घ्या, लिहा. मग उभं करा. मागे खुर्ची ठेवा आणि शेजारी एक माणूस उभा राहू दे, एकट्यानं हा उद्योग करू नका. उभं राहून एक मिनिट झाल्यावर एकदा आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. हात खाली लोंबता नको, छातीच्या उंचीला कुणीतरी धरा, नाहीतर आकडा चुकतो. आडव्यापेक्षा वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना सांगायचंच. चक्कर आली नाही म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच वयस्कर माणसांना चक्कर जाणवत नाही, थेट पाय मुडपतात. आणि मोजताना डोळ्यांसमोर अंधारी आली तर तीन मिनिटं पुरी करायच्या फंदात पडू नका, लगेच बसवा.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे कंटाळा येणार नाही. किडनी बंद पडली की दोन डायलिसिसच्या मधलं पाणी अंगातच साठतं आणि मशीन ते चार तासांत काढतं. रक्तवाहिन्यांत पाणी पुन्हा भरायला वेळ लागतो. निरोगी माणूस उठला की शिरा आवळतात, ठोके वाढतात आणि रक्त डोक्यापर्यंत पोचतं. किडनीच्या जुन्या दुखण्यात, त्यात शुगर असेल तर जास्तच, हे सांभाळणाऱ्या नसाच दुबळ्या झालेल्या असतात. वर बीपीच्या गोळ्या. शिवाय रक्त कमी, तळपायांना जाणीव कमी, मांड्या बारीक झालेल्या. बसून घेतलेल्या बीपीत यातलं काहीच दिसत नाही. ते दिसतं उभं केल्यावर.

केव्हा केव्हा मोजायचं: डायलिसिसच्या दिवशी घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी बिछान्यातून उठताना, आणि बीपीची नवी गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला की पुढचे काही दिवस. वही करा: तारीख, आडवं, उभं, त्या दिवशी किती पाणी काढलं. ही वही तपासणीला न्या आणि डॉक्टरांपुढे उघडून ठेवा. नुसतं 'कधीकधी चक्कर येते' म्हटलं तर बाकीच्या तक्रारींत ते विरून जातं. 'उभं केल्यावर ३० नं उतरतं' म्हटलं की पेन थांबतो. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. डायलिसिसच्या दिवशी सकाळची गोळी आधी द्यायची की नंतर, एवढं मात्र नक्की विचारा.

डायलिसिस संपल्यावर घाई नको. पुढचा पेशंट दारात असतो, रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत असतो, तरी पलंगावर पाय सोडून थोडा वेळ बसू द्या. सिस्टरना विनंती करा की निघायच्या आधी उभं करून एकदा बघा. त्या सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त कुणीतरी म्हणावं लागतं. तुम्ही म्हणा.

पाणी मोजून पिणं हाही पडण्यावरचाच उपाय आहे. मधल्या दिवसांत वजन जितकं वाढेल तितकं जास्त पाणी खेचावं लागतं आणि तितकं बीपी कोसळतं. नुसतं पाणी कमी करून उपयोग नाही, मीठ कमी करा. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे घरात असले की तहान लागणारच, मग त्यांना रागवून काय होणार?

औषधांची पिशवी अख्खी उलटी करा. पाय जळजळतात म्हणून गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन चालू असेल तर डोस किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. ही औषधं लघवीवाटेच बाहेर पडतात, किडनी काम करत नसेल तर अंगात साचतात आणि माणूस गुंगीत झोकांड्या खातो. ज्यांना किडनीचं ठाऊक नाही ते डॉक्टर नेहमीचा डोस लिहून मोकळे होतात, म्हणून कुठल्याही दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य किडनीचं. झोपेची गोळी, खाजेची गोळी, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, सगळी विचारून घ्या. प्रोस्टेटची ती गोळी उभं राहिल्यावरचं बीपी आणखी उतरवू शकते. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी असेल तर सकाळी चालेल का ते विचारा, रात्रीच्या फेऱ्या वाचतील.

शुगरवाल्यांसाठी वेगळं. किडनी बिघडली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे जुना डोस अचानक जास्त ठरतो आणि साखर फार उतरते. पहाटे घाम फुटून उठलेलं माणूस तसंच संडासाकडे निघतं आणि वाटेत पडतं. उशाशी साखरेची डबी ठेवा. साखरेचं पाणी द्या, अर्धा कप पुरे. शहाळं किंवा मोसंबीचा रस देऊ नका, त्यानं पोटॅशियम वाढतं.

घराचं थोडक्यात. न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा, टॉवेलची नळी माणसाचं वजन पेलत नाही. उंच कमोड. उंबऱ्यावर पिवळा पट्टा. स्लीपर बाद, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. लुंगी घोट्याच्या वर. नळाला पाणी आलं की बादल्या भरताना फरशी ओली होतेच, तेवढा वेळ त्यांना खोलीबाहेर काढू नका. बिछाना खूप खाली किंवा खूप उंच नको, बसल्यावर तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. आणि सकाळी उठताना आधी बिछान्याच्या कडेला बसणं, पाय हलवणं, मग उभं राहणं. हे त्यांना पाठ होईपर्यंत रोज सांगा. तरीही उभं करून बीपी मोजायचं सोडू नका. घर कितीही नीट केलं तरी बीपी उतरलेलं माणूस दांडा धरायच्या आत खाली जातं.

साताऱ्यात आणखी एक कटकट आहे ती चढाची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत राहत असाल तर रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या असतातच, आणि जुलैत दगडावर शेवाळ धरतं. पावसाळ्याआधी ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, एका बाजूला पाइपचा कठडा लावून घ्या. डायलिसिसहून येताना रिक्षा दारापर्यंत येत नसेल तर वाटेत टेकायला कोपऱ्यावर खुर्ची ठेवा, शेजारी नाही म्हणत नाहीत. मेढा किंवा पाटणकडून एसटीनं येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: ७५ च्या पुढे २०२२ पासून तिकीट लागत नाही, चांगलंच आहे, पण परतीच्या प्रवासात सोबत माणूस द्या. त्या उंच पायऱ्या डायलिसिसनंतर एकट्यानं उतरायच्या नाहीत.

हाडांचं लक्षात ठेवा. ड जीवनसत्त्व अंगात कामाला लावायचं काम किडनीचं, ते बंद पडतं, फॉस्फरस वाढतं आणि कॅल्शियम हाडांतून खेचलं जातं. म्हणून साध्या पडण्यानंही खुबा मोडतो. मेडिकलमधून मनानं कॅल्शियम आणू नका. रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. खुर्चीतून उठ-बस करायचा व्यायाम विचारून सुरू करा, डायलिसिस नसलेल्या दिवशी.

इतकं करूनही पडले तर: ओढून उठवू नका. शुद्ध, डोकं, खुबा बघा. डोक्याला लागलं असेल तर बरे दिसत असले तरी १०८ बोलवा किंवा थेट दवाखान्यात न्या. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपरिन दिलेलं असतं, त्यामुळे आत रक्तस्राव होऊ शकतो. शेवटचं डायलिसिस कधी झालं ते पोचताच सांगा. दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको म्हणा. फिस्टुलावर हात ठेवून नेहमीची थरथर लागते का बघा, लागत नसेल तर त्याच दिवशी डायलिसिसच्या डॉक्टरांना फोन करा. वही आणि गोळ्यांची पिशवी सोबत न्या.