पुरवठा साखळीतला कार्बन मोजताना या चुका टाळा

अहवालात स्कोप ३ चा, म्हणजे पुरवठा साखळीतल्या उत्सर्जनाचा, आकडा आठ टक्क्यांनी उतरलेला दिसतो. सगळ्यांना बरं वाटतं. मग कुणीतरी विचारतं, "पण नक्की बदललं काय?" आणि खोलीत कुणाकडेच उत्तर नसतं. मी असे बरेच हिशेब तपासले आहेत. त्यांत बेरीज-गुणाकार क्वचितच चुकलेला असतो. खोट असते ती मोजण्याच्या पद्धतीत: भट्टीत, शेतात किंवा ट्रकमध्ये खरोखर काही बदललं, तरी ते आकड्यात उमटतच नाही.

थोडी उजळणी करू. आपल्या बॉयलरचा आणि गाड्यांचा धूर म्हणजे स्कोप १, विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप २, आणि माल आपल्याकडे येण्याआधीचं व गेल्यानंतरचं उरलेलं सगळं म्हणजे स्कोप ३. ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीच्या २०११ च्या मानकात याचे १५ प्रकार दिले आहेत. वस्तू बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांचं सर्वाधिक उत्सर्जन इथेच असतं.

खर्चाला गुणांक लावला आणि तिथेच थांबलो

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. खरेदीची रक्कम घ्यायची, त्या उद्योगाच्या सरासरी उत्सर्जन गुणांकाने (रुपयामागे किती उत्सर्जन, त्या आकड्याने) गुणायची, झाला हिशेब. पहिल्या वर्षी हे ठीकच आहे, कारण मोठे वाटे कुठे आहेत याचा ढोबळ अंदाज लवकर येतो. दुसऱ्या वर्षीही तेच केलं की घोटाळा सुरू होतो.

समजा, तुम्ही दरवर्षी १०० टन ॲल्युमिनियम घेता. यंदा भाव १० टक्क्यांनी उतरला. धातू तेवढाच, कारखाना तोच, वीजही तीच, पण तुमच्या हिशेबात उत्सर्जन १० टक्के घटलं. आता उलट बाजू बघा. पुरवठादाराने कोळशाची वीज सोडून जलविद्युत घेतली आणि दर ५ टक्क्यांनी वाढवला. हिशेबात उत्सर्जन ५ टक्के वाढलं! प्रत्यक्षात एक टन नवं ॲल्युमिनियम काढायला सुमारे १४,००० युनिट वीज लागते. कोळशाच्या विजेत युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर टनामागे नुसत्या विजेचेच १४ टन होतात. ते जवळजवळ सगळे वाचले आणि आपल्या हिशेबाने त्या पुरवठादारालाच दोषी ठरवलं. ज्याने खरं काम केलं त्याच्यावर हा अन्याय आहे, आणि तो पाहून पुढच्या खेपेला दुसरा कुणी असा खर्च करायला धजावणार नाही.

उपाय करता येण्यासारखा आहे. खरेदीतल्या मोठ्या दहा-वीस वस्तूंसाठी रक्कम बाजूला ठेवून वजन घ्या आणि त्या वस्तूचा वजनामागचा गुणांक लावा. मग त्यांतल्या मुख्य पुरवठादारांचे स्वतःचे आकडे मिळवा. कागद-पेन, सल्लागारांची फी अशा किरकोळ गोष्टींना खर्चाची पद्धत राहू द्या. मात्र गुणांक ज्या वर्षाच्या किमतींवर बेतलेला आहे, त्या वर्षाच्या किमतींत आपली रक्कम आणूनच गुणा. नाहीतर महागाई आणि विनिमय दरसुद्धा उत्सर्जन म्हणून मोजले जातात.

सगळ्या पुरवठादारांना तीच लांबलचक प्रश्नावली

दोनशे रकान्यांची एक्सेल छोट्या कारखान्याला पाठवली, तर ती रिकामी परत येते किंवा अंदाजाने भरलेली. त्यापेक्षा तीनच गोष्टी विचारा: वर्षभरात किती युनिट वीज, कोणतं इंधन किती, आणि एकूण उत्पादन किती टन. हे सगळं त्यांच्या बिलांत आणि नोंदींत असतं. पुढचं गणित तुम्ही करा. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, हे त्यांनी कशाला शोधत बसायचं?

मोठ्या पुरवठादाराकडून वस्तूचा तयार कार्बन आकडा आला, तर तो वहीत चढवण्याआधी विचारा: कच्च्या मालापासून धरलं आहे की फक्त स्वतःच्या कारखान्यापुरतं? वर्ष कोणतं? कार्बन क्रेडिट (दुसरीकडे केलेल्या कपातीची विकत घेतलेली प्रमाणपत्रं) वजा केलेत का? केले असतील तर तेवढा आकडा पुन्हा बेरजेत धरा, क्रेडिटचा हिशेब वेगळा दाखवायचा असतो.

आकडा विचित्र वाटला तर किती पटीने चुकला आहे ते आधी बघा, कारण पटीवरूनच बहुतेकदा रोग कळतो. हजारपट फरक असेल तर किलो-टन किंवा युनिट आणि मेगावॉट-तास यांची अदलाबदल झालेली असते. ३.६७ पट असेल तर कुणीतरी कार्बन डायऑक्साइडऐवजी नुसत्या कार्बनचं वजन लिहिलं आहे (४४ भागिले १२). नऊ-दहा टक्क्यांचाच फरक असेल तर ९०७ किलोचा अमेरिकी टन आणि १,००० किलोचा मेट्रिक टन यांची गल्लत तपासा.

पद्धत बदलली, आधारवर्ष जुनंच

खर्चावरून वजनावर आलात की आधारवर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करता त्या वर्षाचा, हिशेबही नव्या पद्धतीने पुन्हा करावा लागतो. कंपनी विकत घेतली किंवा एखादा विभाग विकला तरी तेच. किती टक्के फरक पडला की पुन्हा मोजायचं (अनेक जण ५ टक्के धरतात), हे आधीच लिहून ठेवा. निकाल बघून ठरवू नका.

डोळ्यांसमोरच्या ट्रकमागे धावणं

वाहतूक दिसते, म्हणून सगळी चर्चा तिच्यावर होते. जड उद्योगात तरी कच्च्या मालाचा वाटा सहसा कितीतरी मोठा असतो. याला अपवाद विमानाचा. टन-किलोमीटरमागे (एक टन माल एक किलोमीटर नेताना) विमानाचं उत्सर्जन जहाजाच्या कित्येक दहापट असतं, आणि विमानाने माल मागवावा लागतो तो बरेचदा ऑर्डर उशिरा दिल्यामुळे. तातडीच्या ऑर्डरींची यादी काढून बघा. रिकाम्या परतीच्या फेऱ्याही मोजा. आयएसओ १४०८३ या वाहतुकीचं उत्सर्जन मोजण्याच्या २०२३ च्या मानकात त्या धराव्याच लागतात.

कार्बनचा हिशेब एकीकडे, खरेदी दुसरीकडे

आकडा सस्टेनेबिलिटी विभाग काढतो आणि सौदा खरेदी विभाग करतो. खरेदी करणाऱ्याचं कौतुक फक्त दर पाडल्याबद्दल होत असेल, तर उत्सर्जन घटणार कसं? कोटेशनमध्ये दराशेजारी टनामागचं उत्सर्जन मागा आणि निवडीत त्याला ठरलेले गुण द्या. पुरवठादाराने भट्टी बदलावी असं वाटत असेल, तर त्याला एका वर्षाचं नव्हे, काही वर्षांचं कंत्राट द्या. कर्ज काढायला त्याला तोच आधार लागतो.

आणि आपलीच ड्रॉइंग्ज उघडून बघा. झोतभट्टीतून (कोळशाच्या कोकवर लोहखनिज वितळवणाऱ्या भट्टीतून) आलेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, भंगारापासून विद्युत भट्टीत केलेल्या पोलादामागे बहुधा एक टनाहूनही कमी. तरी जुन्या स्पेसिफिकेशनमध्ये 'भंगारापासूनचा माल चालणार नाही' अशी ओळ असते, आणि ती का लिहिली हे आता कुणालाच आठवत नसतं. सिमेंटमध्ये निम्म्याहून जास्त उत्सर्जन चुनखडी तापवताना त्या दगडातूनच बाहेर पडतं, त्यामुळे वीज कितीही स्वच्छ घेतली तरी तो भाग तसाच राहतो. तिथे क्लिंकरचं (चुनखडी भाजून केलेल्या, सिमेंटच्या मुख्य घटकाचं) प्रमाण कमी असलेलं सिमेंट चालेल का, हे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला विचारावं लागतं, पुरवठादाराला नाही.