बाजारभावाची साइट नव्यानं करायची असेल तर आधी यार्डाबाहेर चहा प्यायला जा

आमच्या बाजारभावाच्या साइटचं रिडिझाइन काढलं तेव्हा पहिला महिना आम्ही हिरवा रंग कुठला घ्यायचा आणि होमपेजला बटाट्याचा फोटो टाकायचा का रताळ्याचा, यात घालवला. मग एका शनिवारी लिलाव उरकल्यावर बेळगावच्या मार्केट यार्डाबाहेर टपरीवर बसलेल्या एका काकांच्या हातात साइट उघडून फोन दिला. त्यांनी टेबलातल्या तिसऱ्या कॉलमवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मोडल? काय मोडल ओ?"

कॉलमचं नाव होतं मोडल दर. सरकारी डेटात दर तीन येतात, मिनिमम, मॅक्सिमम आणि मोडल, म्हणजे सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आणि जास्तीत जास्त माल ज्या दराला गेला तो. डेटाबेसात होतं तेच नाव आम्ही देवनागरीत उतरवून ठेवलं होतं आणि रोज तेच बघून बघून आम्हाला त्यात काही वावगं दिसतच नव्हतं. आता तिथं 'सर्वसाधारण दर' लिहिलंय.

तर ज्यांची साइट डेटावर चालते, म्हणजे दर, उतारे, बसची वेळापत्रकं, निकाल, असलं काहीही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी काय करायचं ते.

सुरुवात घरबसल्या होते, सर्च बॉक्सच्या लॉगपासून, म्हणजे तिथं झालेल्या शोधांच्या नोंदींपासून. लोकांनी काय टाइप केलं आणि त्यातलं कशाला शून्य रिझल्ट आले एवढी एकच यादी काढा, डॅशबोर्डवरचे बाकीचे आलेख राहू देत. आमच्या यादीत वर सगळी आपल्याच गावाची नावं होती: बेळगांव, बेलगाम, बेळगावी, बेलगावी, शिवाय इंग्रजीत टाइप केलेली वेगळी. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव अधिकृतपणे बेळगावी झालं, डेटात तेच येतं, माणसं मात्र आपल्या सवयीचं लिहितात, आणि 'गाव'वर एक अनुस्वार जास्त पडला की कॉम्प्युटरला ते दुसरंच गाव वाटतं. चिकोडी-चिक्कोडीचं तेच. उपाय साधा आहे, प्रत्येक बाजाराला एक कोड द्या आणि त्या कोडखाली सगळी नावं टोपणनावासारखी जोडा, कुठलंही टाइप केलं तरी पान एकच उघडलं पाहिजे.

लॉग काय झालं ते सांगतो पण का झालं ते सांगत नाही, त्यासाठी माणसंच गाठावी लागतात. कुणाला गाठायचं? ऑफिसातल्या पोरांना नको, मालकाच्या भाच्याला तर अजिबात नको. आम्ही माल घेऊन येणारे शेतकरी धरले, अडत्याकडचे दिवाणजी धरले, टेम्पोवाले धरले, आणि एक गट आमच्या डोक्यातच नव्हता तो म्हणजे पुण्यात नोकरीला असलेली पोरं, जी सकाळी दर बघून गावाकडं बाबांना फोन लावतात. लिलाव चालू असताना कुणाच्या मध्ये जाऊ नका, शिव्या खाल. बुधवार-शनिवारचा बाजार उरकला की मग निवांत बसतात. चहा-नाष्टा तुमचा आणि वेळेचे थोडे पैसेही द्या, दोन तासांचं काम असतं बिचाऱ्यांना घरी. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा आणि चेहरा नको, हात आणि स्क्रीन पुरे.

बोलताना "साइटवर काय काय पाहिजे?" असं विचारू नका. सगळं पाहिजे म्हणतील. "मागल्या वेळी माल आणला तेव्हा दर कसा कळला, आधी कुणाला फोन केला, मग काय केलं" असं घडलेलं विचारा. आम्हाला यातूनच कळलं की चंदगडकडचा माणूस बेळगावला माल आणतो, आणि आमच्या साइटवर आधी राज्य निवडायचं, मग जिल्हा, मग बाजार. तो बरोब्बर महाराष्ट्र निवडायचा, कोल्हापूर निवडायचा, आणि पुढं बेळगाव नाहीच! कर्नाटकातल्या निपाणीचा माणूस उलट, त्याला कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही शेजारी शेजारी बघायचेत. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे तो तिथं होईल तेव्हा होईल, आपल्या ड्रॉपडाऊनमध्ये कशाला आणायचा. राज्याची पायरीच काढून टाकली, आता थेट बाजाराचं नाव आणि खाली जवळचे चार बाजार.

मग टेस्टिंग. यात एकच गोष्ट अवघड आहे ती म्हणजे आपलं तोंड बंद ठेवणं. काम सांगायचं आणि गप्प बसायचं. काम सांगताना बटणावरचा शब्द वापरायचा नाही, नाहीतर माणूस तोच शब्द हुडकत बसतो. "दर शोधा वर जाऊन बाजार निवडा" हे काम झालं नाही, उत्तरच सांगितलं तुम्ही. असं सांगा, "समजा उद्या तुम्हाला वीस पोती जवारी बटाटा आणायचाय, शनिवारी मोठवडला काय दर निघाला ते बघून सांगा." (मोठवड ही बटाट्याची आकारावरची एक प्रत.) आणि बघताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा. अडकला की हात शिवशिवतात आपले, "अण्णा वर बघा की" असं ओठावर येतं, पण नाही. अर्धा मिनिट जाऊ दे. त्यानं विचारलं "इथं दाबू काय?" तर "तुम्हाला काय वाटतंय?" एवढंच. शेवटी "आवडली का साइट?" हा प्रश्न विचारूच नका, चहा पाजलाय तुम्ही, आपल्याकडची माणसं नाही कशाला म्हणतील. कागदावर तीनच गोष्टी लिहा: पहिलं बोट कुठं पडलं, काम झालं का, आणि कुठल्या शब्दाला थांबला.

किती माणसं? अशा टेस्टिंगचा अभ्यास करणाऱ्या नील्सन आणि लँडॉअर यांनी १९९३ मध्ये हिशोब मांडला होता की एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, त्या हिशोबानं पाच जणांत साधारण ८५ टक्के हाती लागतात. पण हे पाच एकाच प्रकारचे लोक असले तर. शेतकरी आणि दिवाणजी वेगवेगळं बघतात, मग प्रत्येक गटातले तिघं-चौघं तरी घ्या. आणि पंधरा जण एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा, मध्ये दुरुस्ती करून. कन्नड बोलणाऱ्यांची फेरी कन्नड येणाऱ्यानंच घ्यायची, मध्ये दुभाषा बसला की माणूस मोकळं बोलत नाही.

यादीची मांडणी कशी करायची यासाठी आम्ही व्हिजिटिंग कार्डाएवढे पुठ्ठे कापले, एकेकावर एकेक माल लिहिला आणि म्हटलं, लावा तुमच्या मनासारखे. आमची यादी अ ते ज्ञ होती. लोकांनी लावले ते विकायच्या मापावर: कांदा, बटाटा, रताळी एकीकडं कारण पोत्यातला माल, दर क्विंटलला. वांगी, ढबू मिरची दुसरीकडं, दर दहा किलोला. मेथी, कोथिंबीर तिसरीकडं, ती शेकड्यावर. आम्ही शहाणपणा करून सगळं क्विंटलमध्ये फिरवून ठेवलं होतं, मेथीच्या पेंढ्यांचंसुद्धा! बटाट्याच्या आत परत इंदूर, आग्रा, जवारी, आणि त्यात आकारानं गोळी, मिडियम, मोठवड, गोळा. हे शब्द डेटात नव्हतेच, म्हणजे नुसतं डिझाइन बदलून भागलं नाही, दर भरणाऱ्या माणसाचा फॉर्म पण बदलावा लागला, आणि खरं सांगायचं तर निम्मा वेळ त्यातच गेला. डेटावरच्या साइटचं असंच असतं, वरचा मुखडा आठवड्यात होतो, खालचं टेबल महिनाभर छळतं.

नवीन पानं आधी कागदावर काढा, झेरॉक्स मारा, त्यावर बोटं फिरवू द्या. फक्त त्यात आकडे खरे पाहिजेत. १२३४ असले खोटे आकडे टाकले की माणूस आकडा वाचतच नाही, खरा दर दिसला की लगेच "हे कमी दाखवतंय" म्हणून भांडायला लागतो, आणि तेच पाहिजे आपल्याला. खराब डेटा पण मुद्दाम ठेवा: बाजार बंद असलेला दिवस, दर न आलेला माल, लांबलचक नाव. आमच्याकडं दर आला नाही की शून्य दिसायचं. एक टेम्पोवाला ते बघून म्हणाला, "फुकट वाटायलेत काय?" आता मागचा दर दिसतो आणि त्याला चिकटून त्याची तारीख.

आकड्यांचं अजून एक. ब्राउझरला भाषा मराठी-भारत सांगून आकडा छापायला लावला की तो आपोआप मराठी अंक देतो. जुन्या माणसांना ते बरं, पण कन्नड किंवा इंग्रजी शाळेतली पोरं ५ आणि ६ मध्ये अडखळतात. आम्ही दरासाठी इंग्रजी अंक ठेवले, लाखाचा स्वल्पविराम मात्र आपल्या पद्धतीचा.

टेस्ट त्यांच्याच फोनवर घ्या, काच तडकलेली, अक्षरं मोठी केलेली, बाहेर उन्हात. आमचा करड्यावर पांढरा मजकूर तिथं दिसेनाच. अक्षर आणि मागचा रंग यात कमीत कमी ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणाचा फरक, धरा, आणि पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. साइट वापरायला किती सोपी वाटली ते मोजणारा दहा प्रश्नांचा एसयूएस फॉर्म आहे, १९८६ चा, १०० पैकी गुण निघतात आणि ६८ सरासरी मानतात, पण यार्डात तो चालत नाही, सगळे एका रांगेत टिक मारून मोकळे. ऑफिसातल्या लोकांना द्या हवं तर.

साइट चालू करताना जुन्या पानांचे पत्ते ३०१ रिडायरेक्टनं नव्याला जोडा, म्हणजे जुनी लिंक दाबली तरी आपोआप नवं पान उघडतं, गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपात जुन्याच लिंक फिरत असतात. पंधरा दिवसांनी शून्य रिझल्टवाली यादी परत काढा. आमच्या दुसऱ्या यादीत गावं कमी झाली होती पण एक नवंच दिसलं, साइटचे स्क्रीनशॉट ग्रुपात फिरायलेत आणि तारीख वर पानाच्या डोक्यावर राहिल्यामुळं कापली जाते, मग शनिवारचा दर मंगळवारी ताजा म्हणून पुढं जातो. आता बाजाराचं नाव आणि तारीख दराच्या प्रत्येक ओळीत छापायची का, याची चाचणी येत्या बुधवारी आहे, त्याच टपरीवर.