कौलातला कवडसा, अंगणातलं धुकं: ब्लेंडरमध्ये दोन्ही एकाच सीनमध्ये कसं आणावं

फुटक्या कौलातून माजघरात उतरणारा कवडसा आपण पाहिलेला असतो. चुलीचा धूर किंवा केरसुणीने उडालेली धूळ नसेल, तर जमिनीवर फक्त उजेडाचा ठिपका दिसतो, मधली तिरीप दिसत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही तसंच आहे. उजेड दिसायला हवेत काहीतरी असावं लागतं. धुकंही हवेतच असतं, म्हणून दोन्ही एकाच सेटिंगने होईल असं वाटतं आणि तिथेच सीन बिघडतो.

आधी हिशेब पाहा. हवेतला धूर-धूळ दाखवणाऱ्या प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम शेडरची डेन्सिटी (दाटपणा) 0.1 ठेवली, तर 5 मीटरच्या खोलीपलीकडून सुमारे 61 टक्के उजेड कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. तिरीप छान दिसते. पण त्याच डेन्सिटीत 50 मीटरवरच्या झाडाचा 1 टक्काही उजेड येत नाही. अंगण पुसलं जातं. डेन्सिटी 0.02 केली तर झाडाचा 37 टक्के उजेड येतो, पण खोलीतली तिरीप जेमतेम जाणवते. म्हणून कवडशासाठी खरा व्हॉल्यूम आणि लांबच्या धुक्यासाठी मिस्ट पास (रेंडरसोबत वेगळी मिळणारी, अंतरानुसार बदलणारी राखाडी प्रतिमा), अशी विभागणी करा. खाली सगळं सायकल्स हे ब्लेंडरचं रेंडर इंजिन धरून सांगतो.

1. आधी ऊन नीट लावा. सीन खऱ्या मापात बांधा. सन लाईट घेऊन अँगल 0.53 अंशाच्या आसपास ठेवा; आकाशात सूर्य आपल्याला तेवढाच दिसतो. अँगल वाढला की तिरिपीच्या कडा विरघळतात. छपरात एक-दोनच फटी ठेवा. तिरीप उठून दिसते ती भोवतालच्या अंधारामुळे, त्यामुळे दहा फटींपेक्षा एक फट बरी.

2. खोलीपुरता डबा. खोली भरेल एवढा क्यूब घ्या आणि त्याला वेगळ्या कलेक्शनमध्ये (वस्तूंच्या गटात) ठेवा. मटेरियलमध्ये सरफेस सॉकेट रिकामं सोडून प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम फक्त व्हॉल्यूम सॉकेटला जोडा. व्ह्यूपोर्ट डिस्प्लेमध्ये क्यूब वायर करून ठेवा, नाहीतर आतलं काही दिसणार नाही. वर्ल्डला व्हॉल्यूम जोडण्याचा मोह टाळा: ते धुकं अमर्याद पसरतं, सन लाईट अनंत अंतरावरचा मानला जातो आणि त्याचा उजेड वाटेतच संपतो.

3. अ‍ॅनिसोट्रॉपी. ही किंमत 0 असेल तर उजेड सगळीकडे सारखा विखुरतो. खरे धूलिकण तो बराचसा पुढच्या दिशेला फेकतात, म्हणून 0.4 ते 0.6 ठेवा. कॅमेरा उन्हाच्या समोर किंवा तिरका असू द्या. सूर्य पाठीशी घेतलात तर तिरीप मंदावते, आणि मग लोक उगाच डेन्सिटी वाढवत बसतात.

धूर एकसारखा वाटत असेल तर नॉइज टेक्स्चर कलर रॅम्पमधून नेऊन, 0.1 ने गुणून डेन्सिटीला जोडा. रेंडरला वेळ जास्त लागतो, पण जवळच्या शॉटमध्ये तो सार्थकी लागतो.

4. अंगणातलं धुकं. दुसरा व्ह्यू लेयर (त्याच सीनचं वेगळं रेंडर) बनवा, त्यात डब्याचं कलेक्शन वगळा आणि मिस्ट पास चालू करा. डबा राहिला तर खोलीतला धूरही मिस्टमध्ये मिसळतो. या लेयरला थोडे सॅम्पल पुरतात. मग वर्ल्ड प्रॉपर्टीजमध्ये मिस्टची सुरुवात दाराच्या किंचित पलीकडे ठेवा, म्हणजे दार कॅमेऱ्यापासून 6 मीटरवर असेल तर 7, आणि डेप्थ 60 मीटर द्या.

5. जोडणी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मूळ चित्र आणि धुक्याचा रंग मिस्टच्या फॅक्टरने सरळ मिक्स केले, तर दारासमोरची तिरीपही धुक्याखाली जाते. मिस्टला फक्त पृष्ठभागाचं अंतर कळतं. त्याच्या अलीकडे हवेत तरंगणारा उजेड कळत नाही. उपाय असा: पहिल्या लेयरवर व्हॉल्यूम डायरेक्ट आणि व्हॉल्यूम इनडायरेक्ट हे पास चालू करा. कम्पोझिटरमध्ये, म्हणजे रेंडरचे भाग जोडतात तिथे, मूळ चित्रातून ते दोन्ही वजा करा, उरलेल्यावर धुकं चढवा आणि मग ते पास परत मिळवा. रेंडरमधला डीनॉइज (चित्रातले दाणे पुसणारी सोय) मात्र बंद ठेवा, नाहीतर साफ केलेल्या चित्रातून दाणेदार पास वजा होतो आणि डाग पडतात. डीनॉइज नोड वजाबाकीनंतर दोन्ही भागांना वेगवेगळा लावा.

धुक्याचा रंग पांढरा घेऊ नका. क्षितिजाजवळच्या आकाशावरून तो उचला. सकाळच्या सीनला निळसर राखाडी शोभतो, कारण त्यापुढे कवडशाचा पिवळेपणा खुलतो.

या मांडणीत तिरीप स्वतंत्र राहिल्यामुळे ती मिळवण्याआधी 0.8 ने गुणून मंद करता येते किंवा 1.3 ने उजळता येते, आणि त्यासाठी पुन्हा रेंडर करावं लागत नाही.