टेस्टोस्टेरॉनचे उपचार घेताय? या चुका टाळा

आदल्या रात्री जेमतेम चार तास झोपलेल्या माणसाने संध्याकाळी, भरल्या पोटी रक्त दिलं आणि टेस्टोस्टेरॉन २६० (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं, तर तेवढ्यावर उपचार सुरू करता येत नाहीत. तरीही ते होतात. या हार्मोनची कमतरता हा खरा आजार आहे. ज्याला ती खरोखर आहे, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनचा चांगला उपयोग होतो, याबद्दल शंका नको. पण या उपचारांत जे बिघडतं, त्यातलं बरंचसं औषधामुळे बिघडत नाही. रक्त कधी घेतलं, कशा अवस्थेत घेतलं आणि त्यात काय काय तपासलं, हे कुणी विचारलेलंच नसतं.

एका रिपोर्टवर निदान

टेस्टोस्टेरॉन पहाटे आणि सकाळी सर्वाधिक असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. तरुणांमध्ये हा उतार जास्त जाणवतो. खाण्यानेही पातळी खाली येते. म्हणून सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करायची. दोन्ही वेळा आकडा कमी आला आणि सोबत लक्षणंही असली (कामेच्छा घटणं, सकाळची ताठरता नाहीशी होणं, अंगातली ताकद कमी होणं), तरच निदानाकडे जायचं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरते. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शनात निरोगी, लठ्ठ नसलेल्या तरुणांसाठी खालची सीमा २६४ आहे. दोन मोठ्या संस्था वेगवेगळे आकडे धरत असतील, तर २९० आलेल्या माणसाने केवळ आकड्यावरून घाबरू नये आणि खूशही होऊ नये.

तापात, मोठ्या आजारपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर लगेच ही तपासणी करू नका, कारण अशा वेळी पातळी तात्पुरती घसरलेलीच असते. ओपिऑइड वर्गातली वेदनाशामकं आणि स्टिरॉइडच्या गोळ्याही ती खाली आणतात. याउलट, केसांसाठी म्हणून घेतलेलं जास्त मात्रेचं बायोटिन (एक जीवनसत्त्व) काही यंत्रांना फसवतं आणि टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं. गोळी साधी वाटते, म्हणून ती डॉक्टरांना सांगायचीच राहून जाते. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना एककही बघा. कुठे नॅनोमोल प्रति लिटर असतं, आणि तिथला १० म्हणजे जवळपास २८८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर.

लठ्ठपणा आणि मधुमेहात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन, म्हणजे एसएचबीजी, कमी असतं. त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, पण शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारं पुरेसं असू शकतं. वाढत्या वयात एसएचबीजी वाढतं आणि नेमकं उलट होतं. आकडा सीमेवर असेल, तर मुक्त, म्हणजे या प्रथिनाला न चिकटलेलं, टेस्टोस्टेरॉन काढल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

एलएच न तपासता पहिला डोस

माझ्या मते निदानातली ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण ती नंतर सुधारता येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडून वृषणांना काम सांगते. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त असेल, तर दोष वृषणांत आहे. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच कमी किंवा नुसतंच ‘नॉर्मल’ असेल, तर वरून हुकूमच येत नाही. मग पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन, प्रोलॅक्टिन, तपासावं लागतं. टेस्टोस्टेरॉन १५० च्याही खाली असेल, तर पिट्युटरीत गाठ नाही ना, हे बघायला बहुधा एमआरआय लागतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन सुरू झालं की पिट्युटरी गप्प बसते आणि एलएच सगळ्यांचंच खाली जातं. म्हणजे दोष कुठे होता, याचा माग पहिल्या काही आठवड्यांतच पुसला जातो. उपचार सुरू करण्याआधीचा हा रिपोर्ट जन्मभर जपून ठेवा.

मुलाचा विषय न काढणं

‘टेस्टोस्टेरॉन पुरुषाचं हार्मोन, म्हणजे त्याने शुक्राणू वाढतील’ हा समज किती जोडप्यांची वर्षं खातो! घडतं नेमकं उलट. शुक्राणू तयार व्हायला वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागते, आणि ती वृषणं स्वतः एलएचच्या इशाऱ्यावर तयार करतात. बाहेरून औषध आलं की इशारा थांबतो. रक्तातला आकडा उत्तम दिसतो, पण वृषणं आतून कोरडी पडतात आणि पुढे आकारानेही लहान होतात. जागतिक आरोग्य संघटनेने हेच औषध पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आजमावलं होतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिल्यावर निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नाही. उपचारातला डोस सहसा याहून कमी असतो, पण परिणामाची दिशा तीच राहते.

औषध थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात. एक शुक्राणू घडायलाच सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे परतायला सहा महिने ते वर्ष, काहींना दोन वर्षंही लागतात. थोड्यांचे पूर्ण परततच नाहीत. म्हणून येत्या काळात मूल हवं असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता पहिल्याच भेटीत सांगा. एलएचसारखं काम करणारं एचसीजी इंजेक्शन किंवा पिट्युटरीला जागं करणारं क्लोमिफेन असे दुसरे मार्ग त्यांना विचारात घेता येतात. आत्ता मूल नको असलं तरी पुढचं सांगता येत नाही. सुरुवातीआधी वीर्य तपासणी करून घ्या आणि वीर्य गोठवून ठेवायचं का, हेही विचारा. हे बोलायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण या संकोचाची किंमत दोघांना मोजावी लागते.

जेल लावल्यावर

टेस्टोस्टेरॉनचं जेल लावलेल्या त्वचेला मूल चिकटलं, तर औषध त्याच्या अंगात जातं. लहान मुलांमध्ये अकाली जांघेत केस येणं, जननेंद्रिय वाढणं असे परिणाम दिसल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये जेलवर ठळक इशारा छापायला लावला. जेल लावून झालं की हात साबणाने धुवा, जागा वाळू द्या, कपड्याने झाका. कुणाला जवळ घेण्याआधी ती जागा धुऊन घ्या. ज्या दंडावर जेल लावता, त्या हातातून रक्तही देऊ नका. त्वचेवरचं औषध सुईबरोबर नमुन्यात उतरतं आणि आकडा भलताच वर जातो.

चुकीच्या दिवशी तपासणी

टेस्टोस्टेरॉनच्या एनान्थेट किंवा सिपिओनेट या प्रकारच्या इंजेक्शननंतर पातळी एक-दोन दिवसांत उसळते आणि पुढचं इंजेक्शन येईपर्यंत घसरत राहते. तिसऱ्या दिवशी रक्त दिलं तर डोस जास्त वाटेल, शेवटच्या दिवशी दिलं तर कमी. दोन्ही रिपोर्ट बरोबर असतात, फसतो तो त्यावर घेतलेला निर्णय. म्हणून या इंजेक्शनांसाठी दोन डोसच्या बरोबर मध्यावर तपासणी करतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या अनडेकॅनोएट इंजेक्शनसाठी ती पुढच्या डोसच्या अगदी आधी करतात, आणि जेलसाठी लावल्यापासून दोन ते आठ तासांत. शेवटचा डोस कधी घेतला, ती तारीख आणि वेळ रिपोर्टवर स्वतःच्या हाताने लिहा.

पहिले चार दिवस उत्साह आणि नंतर चिडचिड, मरगळ असं चक्र दिसत असेल, तर डोस कमी पडतोय असं समजून स्वतःच वाढवू नका. तेवढंच औषध लहान भागांत, कमी अंतराने घेतल्यावर ही चढ-उतार बऱ्याचदा निवते. हा बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या.

बरं वाटतंय म्हणून रक्त न तपासणं

टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवतं. रक्तात या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवावं किंवा कमी करावं लागतं. हा धोका जेलपेक्षा इंजेक्शनांत जास्त असतो, आणि तो वाढताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. सुरुवातीआधी, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी हवी. हिमॅटोक्रिट वाढलं असेल तर रात्रीचं घोरणंही बघा. झोपेत श्वास अडकण्याचा विकार हे त्याचं स्वतंत्र कारण असू शकतं. तोच विकार मुळातल्या थकव्याचंही कारण असतो, हे फार उशिरा लक्षात येतं.

प्रोस्टेटसाठी वयाप्रमाणे पीएसए, म्हणजे या ग्रंथीतून रक्तात येणारं एक प्रथिन, तपासतात. पहिल्या वर्षात तो १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त वाढला किंवा ४ च्या वर गेला, तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवायचं. रक्तदाबही मोजत राहा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ या चाचणीत हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या सुमारे ५,२०० पुरुषांपैकी निम्म्यांना जेल दिलं होतं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण जेलवाल्यांत ७ टक्के आणि नुसत्या दिखाऊ (औषध नसलेल्या) जेलवाल्यांत ७.३ टक्के होतं. हा दिलासा खरा आहे. पण त्याच चाचणीत हृदयाची लय बिघडणं (३.५ विरुद्ध २.४ टक्के) आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं (०.९ विरुद्ध ०.५ टक्के) जास्त आढळलं. छातीत धडधड होत असेल, अचानक धाप लागत असेल किंवा एक पाय सुजला असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

एका झटक्यात बंद करणं

औषध अचानक सोडलं की शरीरात दोन्हीकडून काहीच येत नाही. बाहेरचं थांबलेलं असतं आणि पिट्युटरी अजून झोपेतच असते. काही आठवडे, कधी महिने, पूर्वीपेक्षाही जास्त मरगळ येते. त्यात कुणी रक्त तपासतो, आकडा दीडशे येतो आणि ‘मला हे आयुष्यभर लागणारच’ असं मानून पुन्हा सुरू करतो. तो आकडा मूळ आजाराचा नसतो, औषधाने दबलेल्या ग्रंथीचा असतो. कधी बंद करायचं, मध्ये कशाचा आधार घ्यायचा आणि किती महिन्यांनी पुन्हा तपासायचं, हे थांबवण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.