आईबाबांचं डे केअर आणि ऑफिसचं एफएसए

अमेरिकेत सोबत राहणाऱ्या आईबाबांना दिवसभरासाठी ॲडल्ट डे केअरला पाठवायचं ठरलं की कळतं, मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) ती फी देत नाही. मेडिकेड (कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) देऊ शकतं, पण उत्पन्नाची अट असते आणि ग्रीन कार्डवर आलेल्या पालकांना बऱ्याचदा पहिली पाच वर्षं थांबावं लागतं.

तोवर नोकरीतलं डिपेंडंट केअर एफएसए बघा, म्हणजे अवलंबून असलेल्यांच्या देखभालीसाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं. ते फक्त मुलांच्या पाळणाघरासाठी असतं असं समजून कितीतरी जण हक्काची सवलत सोडतात, याचं फार वाईट वाटतं. 2026 पासून कुटुंबामागे 7,500 डॉलरपर्यंत पगार करमुक्त बाजूला काढता येतो. तुमच्या कंपनीची मर्यादा विचारून घ्या. पालक वर्षातला निम्म्याहून जास्त काळ तुमच्याकडे राहायला हवेत, त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असायला हवा, आणि अंघोळ, जेवण, कपडे हे त्यांना स्वतःचं स्वतः जमत नसावं किंवा सतत कुणीतरी लक्ष ठेवावं लागत असावं. नुसतं वय झालंय एवढं पुरत नाही, म्हणून डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या. नवरा-बायको दोघंही साधारणपणे कमावते लागतात.

डे केअर केंद्रात नाव नोंदवतानाच त्यांचा टॅक्स आयडी (कर क्रमांक) मागून घ्या, टॅक्स रिटर्नसोबतच्या फॉर्म 2441 वर तो भरावा लागतो. एफएसएमध्ये टाकायची रक्कम मात्र बेतानेच ठरवा, कारण न वापरलेले पैसे बुडतात.