बांधकामामुळे उठवल्या जाणाऱ्या जुन्या बाजारातील विक्रेत्यांना मदत कशी करावी

बाजाराच्या जागेवर रस्त्याचे, गटारीचे किंवा वाहनतळाचे काम निघाले की सर्वांत आधी उठवली जातात ती जमिनीवर पोते अंथरून जुने पान्हे, नळाच्या तोट्या, घड्याळे आणि वापरलेले कपडे विकणारी माणसे. गाळेधारकाकडे निदान करार असतो. यांच्याकडे फार तर बाजाराच्या पावत्या असतात आणि त्याही बहुतेकांनी जपून ठेवलेल्या नसतात. म्हणून कोल्हापुरात या विक्रेत्यांच्या पाठीशी उभे राहायचे असेल, तर कामाचे पत्रे ठोकले जाण्यापूर्वीच कागद तयार करावेत.

पहिले आणि सर्वांत कष्टाचे काम म्हणजे यादी. लक्ष्मीपुरीतील रविवारच्या बाजारासारखा बाजार पूर्ण भरलेला असताना एका टोकापासून ओळीने फिरावे आणि प्रत्येकाचे नाव, माल, जागेची लांबी-रुंदी, किती वर्षांपासून बसतो आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसते, हे लिहून घ्यावे. शेजाऱ्यांची नावे अवश्य घ्यावीत, कारण कोणाची जागा कोणती हे शेजारी बसणाऱ्याइतके पक्के कोणालाच ठाऊक नसते, आणि पुढे वाद निघाला तर त्याचीच सही उपयोगी पडते. छायाचित्रात विक्रेत्यामागची इमारत किंवा खांब स्पष्ट दिसला पाहिजे. आजारपणामुळे किंवा घरच्या कार्यामुळे त्या दिवशी न आलेल्यांची नावे हमखास गळतात. त्यासाठी पुढच्या बाजारी पुन्हा फेरी मारावी.

यादी हाती आली की महापालिका आयुक्तांना अर्ज द्यावा आणि आवक विभागाचा शिक्का असलेली पोच घ्यावी. अर्जाचा आधार पथविक्रेत्यांविषयीचा 2014 चा केंद्रीय कायदा हा असावा. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, असे त्याचे कलम 3 सांगते. कलम 18 नुसार स्थलांतरासाठी 30 दिवसांची नोटीस आवश्यक आहे. स्थलांतर शक्यतो टाळावे, ते करावेच लागले तर नियोजनात विक्रेत्यांना सामील करावे आणि त्यांची कमाई पूर्वीपेक्षा घटू नये, ही तत्त्वे कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. बाजार 50 वर्षांहून जुना असेल, तर तो वारसा बाजार म्हणून जाहीर करून तिथल्या विक्रेत्यांना न हलवण्याची तरतूदही तिथेच आहे. अशा वेळी जुन्या पावत्यांचे मोल फार मोठे असते. याच कायद्याखाली नेमलेल्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, म्हणून त्या प्रतिनिधींना गाठून हा विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणावा.

पर्यायी जागा दाखवली गेली, तर होकार देण्याआधी ती पावसाळ्याचा विचार करून पाहावी. पंचगंगेला पूर आला की जिथे पाणी चढते तिथला बाजार कागदावरच राहतो. स्वच्छतागृह, दिवे आणि हातगाडी आत जाण्याइतकी वाट यांचीही लेखी मागणी करावी. सर्वांना एकाच ठिकाणी हलवावे, असा आग्रह माझ्या मते कधीही सोडू नये. उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतला कारागीर एका पान्ह्यासाठी येतो आणि चार ठिकाणी थांबून जातो; दुकाने विखुरली की तो येणेच सोडतो. त्याला नवी जागा कळावी म्हणून जुन्या जागेवर मोठ्या अक्षरांतला फलक लावण्याची परवानगी घ्यावी, व्हॉट्सॲपवर नकाशा फिरवावा आणि पहिले काही आठवडे आपण स्वतः तिथूनच खरेदी करावी.

पथविक्रेत्यांसाठीच्या प्रधानमंत्री स्वनिधी योजनेतून पहिल्या टप्प्यात 15,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. मात्र कर्ज ही भरपाई नव्हे. ज्याचा धंदाच बंद पडला आहे, त्याच्या गळ्यात हप्ता बांधू नये. नव्या जागी गिऱ्हाईक येऊ लागल्यावर अर्ज भरून द्यावा.

माल जप्त झाला तर जागेवरच त्याची यादी मागावी. विक्रेत्याने मागणी केल्यावर नाशवंत नसलेला माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा, असे कलम 19 म्हणते. काम किती मुदतीचे आहे, हे कळण्यासाठी कार्यादेशाची (ठेकेदाराला काम देणाऱ्या आदेशाची) प्रत माहितीच्या अधिकारात मागावी: शुल्क 10 रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत. एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच सुरू झाल्यामुळे याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. वकिलाकडे जाताना सह्यांची यादी, छायाचित्रे, पावत्या आणि शिक्क्याची पोच बरोबर न्यावी.